अवघड इंग्रजी शब्द, त्यांचे अर्थ, समानार्थी आणि विरुद्धार्थी: साताऱ्यातल्या अभ्यासिकेत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साताऱ्यात एका अभ्यासिकेत मी संध्याकाळी इंग्रजी शब्दांचा तास घेतो. येणारी मुलंमुली कोरेगाव, खटाव, माण, पाटण, जावळी अशा सगळ्या तालुक्यांतली. कुणाला बँकेत लागायचंय, कुणाला सैन्यात अधिकारी व्हायचंय, एखादी बाहेरच्या विद्यापीठात अर्ज करायच्या तयारीत असते. बॅच बदलते, प्रश्न तेच असतात. म्हणून ते उत्तरांसकट एकदा लिहून ठेवतोय. इंग्रजी शब्द इथे देवनागरीत आहेत. त्यामुळे उच्चार डोक्यात बसेल, पण स्पेलिंग कोशात बघून आपल्या वहीत स्वतःच्या हाताने उतरवा. ते काम दुसऱ्याने करून उपयोग नाही.

मी मराठी माध्यमात शिकलो. आता एवढे अवघड शब्द शिकायला उशीर झाला का?

नाही झाला. राजवाड्याजवळच्या ज्या शाळेला आज आपण प्रतापसिंह हायस्कूल म्हणतो, तिथे ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव नावाच्या मुलाचं नाव इंग्रजी पहिलीत दाखल झालं. आधी मराठी शाळा, मग इंग्रजी पहिली, अशीच तेव्हाची रीत होती. तो मुलगा पुढे कोलंबिया विद्यापीठात आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकला आणि बाबासाहेब आंबेडकरांचं इंग्रजी जगाने वाचलं. महाराष्ट्रात ७ नोव्हेंबर विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात तो त्याच प्रवेशामुळे.

मराठी माध्यम ही उणीव आहे असं धरून बसू नका. ज्याला 'ओला', 'दमट', 'चिंब' आणि 'ओलसर' यांतला फरक न शिकवता कळतो, त्याला शब्दांच्या छटा कळतात. 'वेट', 'ह्युमिड', 'ड्रेंच्ड' आणि 'डॅम्प' शिकताना तीच समज कामाला लावायची असते. घरात ज्या नजरेने मराठी शब्द ओळखता, त्याच नजरेने इंग्रजी शब्दाकडे बघा. पुढच्या सगळ्या उत्तरांत मी हेच वेगवेगळ्या बाजूंनी सांगणार आहे.

'प्रगत शब्द' म्हणजे नेमके कोणते? आणि किती लागतात?

जो शब्द रोजच्या बोलण्यात येत नाही, पण अग्रलेखात, अहवालात, न्यायालयाच्या निकालात किंवा विद्यापीठाच्या पुस्तकात हमखास भेटतो, तो प्रगत शब्द. नुसता लांबलचक आणि दुर्मीळ शब्द म्हणजे प्रगत नव्हे.

न्यूझीलंडचे भाषातज्ज्ञ पॉल नेशन यांनी २००६ साली हिशोब मांडला होता. कोशाची मदत न घेता इंग्रजी वर्तमानपत्र किंवा कादंबरी वाचायची तर साधारण ८००० ते ९००० शब्दकुटुंबं लागतात. शब्दकुटुंब म्हणजे एक शब्द आणि त्याची भावंडं: 'डिसाइड', 'डिसिजन', 'डिसायसिव्ह', 'इनडिसायसिव्ह' हे सगळं मिळून एकच कुटुंब. आकडा बघून घाबरू नका. बारावी झालेल्या मुलाकडे यातला बराचसा पाया असतो, विखुरलेला असतो इतकंच.

सुरुवात कुठून करायची असं कुणी विचारलं तर मी ॲव्हरिल कॉक्सहेड यांची शैक्षणिक शब्दांची यादी सांगतो. ती २००० साली आली, तिच्यात ५७० शब्दकुटुंबं आहेत आणि ती इंटरनेटवर फुकट मिळते. 'ॲनलाइझ', 'सिग्निफिकंट', 'हायपॉथिसिस' हे त्यातलेच. मराठी माध्यमातून आलेल्याला अभियांत्रिकीच्या किंवा कॉमर्सच्या पुस्तकात जे शब्द ठेच लावतात, ते बहुतेक या यादीत सापडतात. हे झाल्याशिवाय 'हजार भारी शब्द' छापाच्या पुस्तकांना हात लावू नका.

कोशातला अर्थ पाठ केला की शब्द आला ना?

अर्थ पाठ झाला की शब्दाची ओळख झाली, एवढंच. गावात नवा माणूस आला की आपण आधी नाव विचारतो, मग 'कुणाचा?', 'कुठं उतरलाय?', 'कशाला आलाय?' हे विचारतो. व्याख्येने ही पुढची उत्तरं द्यायची असतात. चांगली व्याख्या शब्द कोणत्या जातीचा आहे ते सांगते आणि त्या जातीतल्या इतरांपासून तो कुठे वेगळा पडतो तेही सांगते.

'मेटिक्युलस' घ्या. गाइडमध्ये लिहिलेलं असतं 'काळजीपूर्वक'. पण काळजीपूर्वक तर 'केअरफुल' पण. मग फरक काय? 'मेटिक्युलस' म्हणजे तपशिलातला एकही कण सुटू नये अशी काळजी घेणारा. आमच्या गावच्या दूध डेअरीत एक सचिव होते. पहाटे साडेपाचला सत्तर माणसांची रांग, वर अंधार, तरी प्रत्येकाच्या फॅटचा आकडा दशांशासकट, खाडाखोड न करता, एकाच उताराच्या अक्षरात. ते होते 'मेटिक्युलस'. रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघणारा माणूस 'केअरफुल', त्याला 'मेटिक्युलस' म्हणता येत नाही. या शब्दाचं लॅटिन मूळ 'भीती' या अर्थाच्या शब्दात आहे. चूक होईल या भीतीने जपणारा, असा त्याचा प्रवास झाला असं मी मुलांना सांगतो, म्हणजे शब्द विसरत नाही.

व्याख्या स्वतः लिहून बघा. आधी मराठीत, मग सोप्या इंग्रजीत. कोश मिटून ठेवायचा आणि लिहायची. जिथे अडाल, तेवढा भाग तुम्हाला अजून कळलेला नाही.

समानार्थी शब्द एकमेकांच्या जागी चालतात का?

क्वचित. या प्रश्नाचं उत्तर मी फार किंमत देऊन शिकलो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी पुण्यात एका नोकरीच्या मुलाखतीला गेलो होतो. वडिलांबद्दल सांगा म्हणाले. आमचे अण्णा रहिमतपूरच्या बाजूचे, दोन एकर जिरायत. माणूस कमालीचा काटकसरी. माझ्याजवळच्या गाइडमध्ये 'काटकसरी' समोर एका ओळीत चार शब्द होते: 'थ्रिफ्टी', 'फ्रूगल', 'स्टिंजी', 'मायझर्ली'. मी त्यातला सगळ्यांत वजनदार वाटला तो उचलला आणि म्हणालो, "माय फादर इज अ मायझर्ली मॅन." समोरच्या तिघांतल्या वयस्कर गृहस्थांनी पेन खाली ठेवलं आणि शांतपणे विचारलं, "मग तुमच्या शिक्षणाचे पैसे कुणी भरले?" मला प्रश्नच कळला नाही. मी अभिमानाने म्हणालो, अण्णांनी.

घरी येऊन कोश उघडला. 'मायझर्ली' म्हणजे पैशासाठी स्वतःला आणि घरच्यांना उपाशी ठेवणारा, कवडीचुंबक. 'मायझर' आणि 'मिझरेबल' एकाच लॅटिन शब्दाची पोरं, मूळ अर्थ दीनवाणा. ज्या माणसाने एका कोपरीवर दोन वर्षं काढली पण माझी फी एकदाही चुकू दिली नाही, त्याला मी परक्या चार माणसांत कंजूष म्हणून आलो होतो. नोकरी मिळाली नाही त्याचं काही वाटलं नाही. ते वाक्य मात्र अजून आठवतं.

आता ते चार शब्द नीट लावून बघा. 'थ्रिफ्टी' हा कौतुकाचा शब्द. जपून खर्च करून घर वर आणणारा. 'थ्रिफ्ट' आणि 'थ्राइव्ह', म्हणजे भरभराटणे, ही एकाच घरची भावंडं आहेत. 'फ्रूगल' म्हणजे गरजा कमी ठेवून साधेपणाने राहणारा. हा जेवणालाही लागतो: भाकरी, कांदा, ठेचा हे 'फ्रूगल मील'. 'स्टिंजी' म्हणजे हात आखडणारा, द्यायची वेळ आली की खिसा न सापडणारा, आपला चिक्कू. 'मायझर्ली' सगळ्यांत खालचा. याच रांगेत 'पार्सिमोनिअस' येतो, तो पुस्तकी आणि बहुतेक वेळा नावं ठेवायलाच वापरतात. अण्णा 'थ्रिफ्टी' होते.

म्हणून माझ्या तासाला समानार्थी शब्दांना नुसतं 'बरोबर' चिन्ह देऊन कुणी सुटत नाही. प्रत्येक शब्दापुढे तीन गोष्टी लिहायच्या: स्तुतीचा की निंदेचा, बोलण्यातला की पुस्तकातला, आणि कोणासाठी वापरतात. 'स्लेंडर', 'लीन', 'स्किनी', 'एमॅसिएटेड' हे सगळे बारीकच. पण मराठीत आपण नवरी मुलगी 'सडपातळ' म्हणतो, 'हडकुळी' म्हणत नाही. पैलवानाचं कसलेलं अंग 'काटक' असतं आणि आजाराने गेलेला माणूस 'खंगलेला'. जोडी लावा: 'स्लेंडर' सडपातळ, 'लीन' काटक, 'स्किनी' हडकुळा, 'एमॅसिएटेड' खंगलेला. दोन मिनिटांत चार शब्द जन्माचे बसतात.

आपल्याकडे अमरकोश पाठ करायची परंपरा होती. त्यात शब्द वर्णानुक्रमाने नाहीत, वर्गांनी आहेत: स्वर्गाचे, पाताळाचे, भूमीचे, वनौषधींचे. पीटर मार्क रॉजे या इंग्रज डॉक्टरने १८५२ साली जो थिसॉरस, म्हणजे समानार्थी शब्दांचा संग्रह, छापला, त्याचीही मांडणी अर्थाच्या गटांनीच होती. शब्द गटात ठेवले की टिकतात, हे दोन्हीकडच्या लोकांना उमगलेलं होतं. पण थिसॉरस ही शब्दांची मंडई आहे. भाजी तिथे मिळते, तिची पारख आपली आपण करायची. कोशात पडताळल्याशिवाय थिसॉरसमधला एकही शब्द कागदावर आणू नका.

विरुद्धार्थी शब्द एकच असतो ना? मग पर्यायांत दोन बरोबर कसे दिसतात?

'कच्चा' या मराठी शब्दाचा विरुद्धार्थी सांगा. आंबा असेल तर 'पिकलेला'. भात असेल तर 'शिजलेला'. रस्ता असेल तर 'पक्का'. वीट असेल तर 'भाजलेली'. शब्द एक, उलट चार. कोणता बरोबर ते शेजारचा शब्द ठरवतो.

इंग्रजीत अगदी तसंच. 'ओल्ड' माणसाचा उलट 'यंग', 'ओल्ड' घराचा 'न्यू'. 'लाइट' रंगाचा 'डार्क', 'लाइट' पिशवीचा 'हेवी'. 'हार्ड' दगडाचा 'सॉफ्ट', 'हार्ड' पेपरचा 'ईझी'. म्हणून वहीत सुटा विरुद्धार्थी लिहू नका, जोडीदार नामासकट लिहा.

दुसरी खुबी अशी की जवळच्या दोन समानार्थी शब्दांचे विरुद्धार्थी वेगळे असतात, आणि त्यावरूनच त्या दोघांतला फरक उघडा पडतो. 'फ्रूगल'चा उलट 'एक्स्ट्रॅव्हगंट', म्हणजे उधळ्या. 'स्टिंजी'चा उलट 'जेनरस', म्हणजे दिलदार. मराठीतही काटकसरीच्या उलट उधळ्या आणि कंजूषाच्या उलट उदार. मला गाइडमधले ते चार शब्द या एका प्रश्नाने सुटले असते: याचा उलट माणूस कसा असेल? आता मी प्रत्येक नव्या शब्दाला आधी हाच प्रश्न लावतो.

'टॅसिटर्न' आणि 'रेटिसंट' यांवर हा प्रयोग करून बघा. 'टॅसिटर्न' म्हणजे स्वभावानेच अबोल, घुमा. त्याचा उलट 'टॉकेटिव्ह' किंवा 'गॅर्युलस', आपला बोलघेवडा. 'रेटिसंट' माणूस मात्र इतर वेळी भरपूर बोलेल, स्वतःच्या मनातलं सांगायला कचरेल. त्याच्या उलट 'फ्रँक' किंवा 'कँडिड', मोकळा.

विरोधाचेही प्रकार असतात. 'अलाइव्ह' आणि 'डेड' यांच्यामध्ये काही नाही. 'हॉट' आणि 'कोल्ड' यांच्यामध्ये मात्र 'वॉर्म', 'टेपिड', 'कूल' अशा पायऱ्या आहेत. परीक्षेत 'स्कॉर्चिंग'चा विरुद्धार्थी विचारला आणि पर्यायांत 'कूल' आणि 'फ्रीझिंग' दोन्ही असतील, तर त्याच उंचीची पायरी निवडा: 'फ्रीझिंग'. दोन पर्याय बरोबर वाटतात तेव्हा दहांतल्या सात वेळा गोची इथेच असते, असा माझा अनुभव.

शब्दाच्या आधी 'इन', 'अन', 'डिस' लागलं की अर्थ उलटा होतो, हा नियम पक्का आहे का?

पक्का नाही, आणि हा नियम डोळे झाकून लावणाऱ्यांचे गुण जातात. पुणे-बंगळूरु महामार्गावर वाढे फाट्याला उभे राहा. पेट्रोल-डिझेलच्या टँकरवर 'हायली इन्फ्लेमेबल' लिहिलेलं दिसेल. 'फ्लेमेबल' म्हणजे पेट घेणारं, मग हे पेट न घेणारं का? मुळीच नाही. दोन्हींचा अर्थ एकच: पटकन पेटणारं. इथला 'इन' नकाराचा नाही, 'आत' किंवा 'पूर्ण' अशा अर्थाचा लॅटिन उपसर्ग आहे. उलट अर्थ हवा असेल तर 'नॉन-फ्लेमेबल' म्हणतात.

तसेच आणखी काही: 'इनव्हॅल्युएबल' म्हणजे कवडीमोल नव्हे, अनमोल. 'इनफेमस' म्हणजे अप्रसिद्ध नव्हे, कुप्रसिद्ध. 'इनहॅबिटेबल' म्हणजे राहण्याजोगं, उलट हवा तर 'अनइनहॅबिटेबल'. 'डिसइंटरेस्टेड' म्हणजे ज्याचा त्यात स्वार्थ नाही असा तटस्थ, पंचासारखा. ज्याला रस नाही तो 'अनइंटरेस्टेड'. पंच 'डिसइंटरेस्टेड' हवा. 'अनइंटरेस्टेड' असेल तर कुस्ती बघायचीच नाही तो.

मग मूळ शब्द आणि उपसर्ग शिकून काय फायदा?

खूप फायदा आहे, आणि मराठी माणसाला तर जास्तच. संस्कृत, ग्रीक, लॅटिन ही एकाच भाषाकुळातली भावंडं. आपला नकाराचा 'अ' आणि 'अन', ग्रीकचा 'अ' आणि 'अन', लॅटिनचा 'इन', इंग्रजीचा 'अन' यांचं मूळ एक. 'मर्त्य' आणि 'मॉर्टल', 'अमर' आणि 'इमॉर्टल' शेजारी लिहून बघा. 'ज्ञा' धातू 'कॉग्निशन', 'इग्नोरंट', 'ॲग्नॉस्टिक' यांत दडलेला आहे. 'दंत' 'डेंटल'मध्ये, 'पद' 'पेडल' आणि 'पेडेस्ट्रिअन'मध्ये, 'जन' 'जेनरेशन'मध्ये, 'स्था' 'स्टेबल' आणि 'स्टॅटिक'मध्ये. 'दुर्'चा भाऊ ग्रीकचा 'डिस', जो 'डिसेंट्री' आणि 'डिस्लेक्सिया'त येतो. अजिंक्यतारा रोज डोक्यावर बघता, दुर्ग म्हणजे जिथे जाणं अवघड, एवढं आठवलं तरी पुरे.

लॅटिनचे दोन उपसर्ग आधी घ्या: 'बेने' म्हणजे भलं, 'मॅल' म्हणजे वाईट. 'बेनेव्हलंट' भलं चिंतणारा, 'मॅलेव्हलंट' वाईट चिंतणारा. 'बेनिफॅक्टर' उपकारकर्ता, 'मॅलिफॅक्टर' दुष्कृत्य करणारा. 'बिनाइन' आणि 'मॅलिग्नंट' तर दवाखान्यातल्या रिपोर्टवर दिसतात, साधी गाठ आणि कर्करोगाची गाठ. जोडीने शिकलात तर विरुद्धार्थी वेगळे पाठ करावे लागत नाहीत.

फक्त नुसत्या नादावरून नातं जोडू नका. दोन शब्द सारखे वाजतात म्हणून ते नात्यातले असतातच असं नाही. कोशात व्युत्पत्ती बघूनच वहीत लिहा.

एक शब्द पूर्ण कसा शिकायचा, ते दाखवाल?

'इफेमरल'. वजन 'फे' वर. ग्रीकमध्ये 'हेमेरा' म्हणजे दिवस, 'एपि' म्हणजे वर, पुरता. मूळ अर्थ एका दिवसापुरता. आजचा अर्थ: जे फार थोडा काळ टिकतं ते.

आपल्या घराजवळचं उदाहरण म्हणजे कासचं पठार. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेलं. ऑगस्ट संपताना खडकावरच्या मूठभर मातीत सीतेची आसवं, तेरडा फुलतात, ऑक्टोबर सरताना काळा कातळ उघडा पडलेला असतो. हा बहर 'इफेमरल'. वनस्पतिशास्त्रातही पाऊस पडला की झटपट उगवून, फुलून, बी टाकून संपणाऱ्या झाडांना 'इफेमरल'च म्हणतात. याउलट टोपली कारवी वर्षानुवर्षं जिवंत राहते, म्हणून ते झुडूप 'पेरेनिअल'. तिचा सात वर्षांनी येणारा बहर मात्र 'इफेमरल'. एकाच झाडावर दोन्ही शब्द सापडले.

पाण्यालाही हेच शब्द लागतात. माणदेशातला ओढा पावसानंतर चार दिवस खळाळतो आणि पुन्हा वाळू, तो 'इफेमरल स्ट्रीम'. माहुलीला दिसते ती कृष्णा बारमाही, 'पेरेनिअल रिव्हर'. भूगोलाच्या पुस्तकातल्या संज्ञाच आहेत या.

समानार्थी: 'फ्लीटिंग' हा डोळ्यांसमोरून सर्रकन गेलेल्या गोष्टीला, जसं 'फ्लीटिंग ग्लिम्प्स', एसटीच्या खिडकीतून दिसलेला ओळखीचा चेहरा. 'ट्रान्झिएंट' शास्त्र आणि वैद्यकात जास्त. 'इव्हनेसंट' साहित्यिक, धुक्यासारखं विरून जाणारं. 'टेम्पररी' मात्र वेगळा: तो ठरवून दिलेल्या मुदतीचा. हंगामी शिक्षक 'टेम्पररी टीचर' असतो, 'इफेमरल टीचर' कुणी म्हणत नाही.

विरुद्धार्थी: 'पर्मनंट', 'एन्ड्युअरिंग', 'एव्हरलास्टिंग', आणि झाडा-नदीच्या बाबतीत 'पेरेनिअल'. कुटुंबातला एक मजेशीर सदस्य 'इफेमरा': तिकिटं, हँडबिलं, लग्नपत्रिका असे काम झालं की फेकायचे कागद, जे काही लोक जपून ठेवतात.

शेवटी स्वतःच्या आयुष्यातलं एक वाक्य. मागच्या वर्षी एका मुलीने लिहिलं होतं की व्हॉट्सॲपवरचं स्टेटस 'इफेमरल' असतं, २४ तासांत जातं. मूळ ग्रीक अर्थ तिने न सांगता पकडला. पूर्ण शब्दाला एक पान आणि वीस मिनिटं लागतात. लागू द्यात.

रोज किती शब्द करायचे? केलेले विसरतात त्याचं काय?

असे खोल जाऊन रोज पाच. वर्षातले तीनशे दिवस टिकवलं तर दीड हजार होतात. रोज पन्नास करणारे महिन्याभरात तास सोडतात, हे मी कितीदा पाहिलंय.

विसरणं हा दोष नाही. हेरमान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली दाखवलं की शिकल्यानंतर पहिल्या काही तासांत आणि दिवसांत सगळ्यांत जास्त विसरतं, मग वेग मंदावतो. म्हणून उजळणी आधी लवकर, मग लांबवत न्यायची: दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या, सातव्या, पंधराव्या, तिसाव्या.

आमच्याकडे जुन्या लग्नपत्रिका कापून कार्डं करतात. जाड कागद, मागची बाजू कोरी. पुढे इंग्रजी शब्द, मागे तुमची व्याख्या, एक समानार्थी, एक विरुद्धार्थी आणि वाक्य. चपलेच्या खोक्यात पाच कप्पे. बरोबर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की थेट पहिल्या. ही पद्धत जर्मनीत सेबास्टियन लाइटनर यांनी १९७०च्या दशकात लोकप्रिय केली. मोबाइलवर हवं असेल तर 'ॲन्की' हेच काम करतं, अँड्रॉइडवर फुकट आहे. पण कार्डं स्वतः बनवा. दुसऱ्याची तयार घेतली तर अर्धी मेहनत आणि सगळा फायदा त्याच्याकडे राहतो.

कोणता शब्दकोश घ्यावा?

दोन ठेवा. एक इंग्रजी-मराठी, झटपट बघायला. दुसरा शिकणाऱ्यांसाठीचा इंग्रजी-इंग्रजी, ज्यात व्याख्या मोजक्या, साधारण दोन-तीन हजार सोप्या शब्दांतच लिहिलेल्या असतात. ऑक्सफर्ड आणि लाँगमन या दोघांचे असे कोश आहेत आणि संकेतस्थळावर उच्चारासकट फुकट बघता येतात. जाडजूड, शिकणाऱ्यांसाठी नसलेला कोश आत्ता नको. त्यात एका अवघड शब्दाचा अर्थ तीन अवघड शब्दांत मिळतो.

आणि मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश संगणकावर चाळा. १८३१ सालचा, १८५७ ला दुसरी आवृत्ती. उलट्या दिशेने जायची यासारखी गंमत नाही: आजीच्या तोंडचा शब्द शोधा आणि त्याचे इंग्रजी पर्याय वाचत बसा.

उच्चार कसे सुधारायचे?

ऐकून. देवनागरीत आपण जवळपास सगळे आवाज लिहू शकतो, म्हणून ऐकलेला उच्चार लगेच देवनागरीत टिपून ठेवा. स्पेलिंगवरून अंदाज करायचा नाही. 'सटल'मधला बी मुका, 'डेब्री'तला एस मुका, 'इन्डाइट'मधला सी मुका. 'हायपर्बली' आणि 'इपिटमी' हे 'ली' आणि 'मी' वर संपतात, 'बोल' आणि 'टोम' वर नाही. वजन कुठे पडतं तेही बघा: नाम असेल तर 'रेकॉर्ड', क्रियापद असेल तर 'रिकॉर्ड'.

स्पर्धा परीक्षेत याला किती गुण असतात?

एनडीएच्या, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या प्रवेश परीक्षेतल्या, ६०० गुणांच्या सामान्य क्षमता चाचणीत इंग्रजीला २०० गुण. सातारच्या सैनिक स्कूलने १९६१ पासून एनडीएचं स्वप्न इथल्या घराघरांत नेलंय, त्यामुळे हा प्रश्न पहिला येतो. सीडीएसला, म्हणजे पदवीनंतर सैन्यात अधिकारी व्हायच्या परीक्षेला, इंग्रजीचा स्वतंत्र १०० गुणांचा पेपर. एसएससी सीजीएलच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या पदवीधर भरती परीक्षेच्या, पहिल्या टप्प्यात २५ प्रश्न, ५० गुण. यात शब्दसंग्रहाबरोबर व्याकरण आणि उतारेही येतात. चुकीच्या उत्तराला गुण कापतात, म्हणून अर्धवट ओळखीचा शब्द धोक्याचा. जाहिरात आली की स्वरूप पुन्हा तपासा.

वाचायला काय घ्यावं?

रोज एका इंग्रजी वर्तमानपत्राचा एकच अग्रलेख, तोही ज्या विषयावर सकाळी मराठी पेपरात वाचलंय त्या विषयावरचा. विषय माहीत असला की शब्दाचा अर्थ अंदाजाने लागतो. फक्त पाच शब्दांखाली रेघ मारा, बाकीचे जाऊ द्या.

घरात, मित्रांत कुणी इंग्रजी बोलत नाही. शब्द वापरू कुठे?

वहीत. रोज रात्री सहा ओळी, दिवसभरात काय झालं ते, त्या दिवसाच्या पाचांपैकी दोन शब्द वापरून. मैत्रीण किंवा मित्र असेल तर वह्या बदलून वाचा. ऊसतोड, बैलपोळा, चुलत्याशी झालेलं बांधाचं भांडण, काहीही चालतं. परक्या विषयावर उसनी वाक्यं लिहू नका, ती टिकत नाहीत.

मुलाखतीत ऐनवेळी शब्द आठवलाच नाही तर?

व्याख्या सांगा. इतके दिवस व्याख्या लिहायला लावतो ती याचसाठी. म्हसवडकडच्या एका मुलाला आपलं गाव दुष्काळी आहे हे सांगायचं होतं. 'ॲरिड' आणि 'ड्राउट-प्रोन' दोन्ही शब्द त्याच्या वहीत होते, पण जिभेवर येईनात. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "अवर व्हिलेज गेट्स व्हेरी लिटल रेन, सर. इन मे, द वॉटर टँकर कम्स अँड माय मदर स्टँड्स इन द लाइन." पुढची दहा मिनिटं त्याला पाण्यावरच प्रश्न विचारले, आणि पाण्यावर बोलायला त्याच्याकडे भरपूर होतं.